झिरो बघा, मॅडम

दारावरच्या रंगाखाली अजून वाचता येतं 'क्रीडा साहित्य'.
त्यावर 'समुपदेशन कक्ष'.
पेंटरला जागा पुरली नाही,
'क्ष'ची शेपटी भिंतीवर गेली आहे.
आत मी, तीन खुर्च्या, एक टेबलफॅन,
आणि कपाटात चाळीस लेझमी.
कुणी टेबलावर मूठ आपटली
की त्या आतल्या आत खुळखुळतात.
मुलं दचकतात.
मी म्हणते, काही नाही, तू बोल.

निकालानंतरचा आठवडा.
हर्षदा कुदळे, एक्याण्णव टक्के.
वडिलांचा टेंपो चालतो मार्केट यार्ड ते लोणंद,
आजचा खाडा करून आलेत, खुर्चीच्या कडेवर बसलेत.
"बाई, कॉमर्स घेतलं तर लवकर सुटंल ना?"
सुटेल.
शाळेतून, घरातून, की कशातून,
ते मी विचारत नाही.
हर्षदा गप्प.
तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेनानं काढलेलं हृदय,
तीन कप्पे, प्रत्येकाला बाण, बाणापुढे नाव.
मी वही त्यांच्याकडे फिरवते.
ते खूप वेळ बघतात.
"कोंबडीचं हाय का?"
"बेडकाचं, आप्पा."
आणि ती हसते, या खोलीत पहिल्यांदा.
त्या दिवशी ठरलं काहीच नाही.
फॉर्मचा पहिला पसंतीक्रम
कोराच राहिला.

अल्तमश बागवान म्हणतो, मला काहीच आवडत नाही.
म्हणता म्हणता माझ्या फॅनचं ढिलं बटण
यू-पिन वाकवून घट्ट करतो.
कलचाचणीत आलंय 'ललित कला'.
मी फॅनकडे बघते, आणि लिहिते: आयटीआय, औंध.
त्याची आई कागद वाचते, टेबलावर परत ठेवते.
"मॅडम, आमच्याच पोरांच्या हातात पाना का येतो दरवेळी?"
या प्रश्नासाठी
माझ्या एकाही फाइलीत कप्पा नाही.
मी अकरावीचाही फॉर्म देते.
ती दोन्हींच्या नीट चार घड्या करते,
पर्समध्ये ठेवते, आणि जाताना
फॅनचा वेग एकाने वाढवून जाते.

संध्याकाळी कात्रजला पंपावर रांग.
"मॅडम, झिरो बघा."
आवाज ओळखीचा, मग टोपीखालचा चेहरा.
सुमेध रणपिसे.
त्याला मीच म्हणाले होते, सायन्स घे, झेपेल तुला.
केवढ्या खात्रीनं म्हणाले होते!
तेव्हा मी नवी होते, माझ्याकडे रंगीत तक्ते होते.
बारावीला तो दोनदा बसला, हे मला
दुसऱ्याच कुणाकडून कळलं.
"कितीचं?"
"दोनशेचं."
नळी लावून तो वाकतो, फडक्यानं
माझ्या स्कूटरच्या सीटवरची धूळ पुसतो.
"कपाट वाजतं का हो अजून?"
मी म्हणते, वाजतं.
मागचा हॉर्न देतो. आकडे पळतात.
झिरो मी बघितलाच नव्हता.
सॉरी म्हणायचं राहिलं.
सुट्टे मात्र त्यानं मोजून दिले.

रात्री साडेदहाला अनोळखी नंबर.
मागे इंजिनाची घरघर, कुणीतरी खोकतंय.
"ढमढेरे बाई? मी कुदळे, हर्षदाचा आप्पा.
लोणंदात हाय, माल उतरतोय.
ते बेडकाचं... त्याचं कॉलेज
कुठंशी असतंय?
आणि फी?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार आहे,
बसनंबरासकट.
मी ते गिळते.
चष्मा शोधते, दिवा लावते.
म्हणते, थांबा कुदळे,
आधी तिलाच फोन लावून विचारा,
पहिल्या रकान्यात काय लिहू.
मग फीचं आपण दोघं बघू.

पलीकडे घरघर थांबते.
"ती जागीच असंल," ते म्हणतात.